एडना टिबेट्सचे कान

इंग्लंडमधल्या टिप्टन गावी, रेकॉर्डच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या खोलीत एडना टिबेट्स बसायची. तयार तबकड्यांच्या प्रत्येक ढिगातली एक ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर किंवा दोष सापडला की ढीग बाद. वीस वर्षं हेच काम.

एकोणीसशे बहात्तरच्या फेब्रुवारीत आमच्याच भागातल्या चार पोरांच्या बँडची तबकडी आली. हार्ड रॉक. एडना चर्चमध्ये गाणारी. पहिली बाजू ऐकून बाहेर आली नि म्हणाली, "हेडफोन लावून कारखान्यातनं सुटावं, तर आत दुसरा कारखाना."

दुसरी बाजू मात्र तिने दोनदा ऐकली आणि उठून मुकादम लॉटनकडे गेली.

"शेवटचं गाणं कापलंय. गिटारचा सूर विझत चाललाय आणि मधेच गायब."

"एडना, या धिंगाण्यात तुला सूर कुठे सापडला?"

"सापडला म्हणून तर सांगतेय. काम थांबवा."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर चुकलं."

लॉटनने कुरकुरत लंडनला रेकॉर्ड कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी गिटारवाला डेन्झिल स्वतःच आला. खांद्यापर्यंत केस, चिखलाचे बूट. एडनाच्या खुर्चीत बसून त्याने ऐकलं आणि बराच वेळ हेडफोन काढलाच नाही.

"सात सेकंद गेलेत," तो म्हणाला. "तपासायला नमुन्याची तबकडी आली तेव्हा आम्ही दौऱ्यावर होतो. कुणी ऐकलाच नाही." मग जरा लाजून, "मावशी, आवडलं का तुम्हाला?"

"नाही. पण केलंयत मन लावून."

साचा नव्याने बनला. नव्या तबकडीची एक प्रत डेन्झिलने तिला पाठवली. तिचा नवरा पर्सी तीस वर्षं लोहारखान्यातल्या घणाजवळ राबलेला. कान जवळजवळ गेलेले. घरातला रेडिओ कधीचा बंद. एडनाने ती तबकडी लावली, तेव्हा पेपर वाचणाऱ्या पर्सीने तळहात थरथरणाऱ्या टेबलावर टेकवला.

"काय लावलंयस?"

"बंद करते," ती ओरडून म्हणाली.

"राहू दे. हे ऐकू येतंय मला."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने मला हे सांगितलं. सांगताना कप हातातच राहिला.

ऑक्टोबरात दोघं वुल्व्हरहॅम्प्टनला त्या बँडच्या कार्यक्रमाला गेली. पर्सीने लग्नकार्याचा सूट घातला होता. एडना कानात कापूस घालून दोन तास त्याच्या शेजारी उभी राहिली.