आईंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

निरुपमा सबनीसला कुणी विचारलं असतं, "तुला आत्ता सगळ्यात जास्त काय हवंय?" तर तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं असतं, "झोप." पण तिला असं काही विचारायची घरात कुणाची पद्धत नव्हती. सकाळी निजामपुऱ्याच्या नाक्यावर कंपनीची बस पकडायची, बडोदं या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करून मकरपुरा गाठायचं, तिथे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर उभं राहून माल काढून द्यायचा आणि संध्याकाळी त्याच बसच्या खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेत परत यायचं. घरी आली की ओटा वाट बघत असे. आणि ओट्याच्या आधी आई.

आई म्हणजे सासूबाई, अहल्याबाई. घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. मानेवर श्वासासाठी भोक, त्यावर मलमलचा रुमाल. जेवणखाण, फिरणं सगळं ठीक, फक्त आवाज गेला. हात थरथरत, त्यामुळे पाटीवर लिहिलेलं वाचता येत नसे. पण तारुण्यात त्या एका मराठी संस्थेच्या कचेरीत टंकलेखिका होत्या. मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली की बोटं शांत होत आणि कळांवर धडाधड पडत. म्हणून मुलाने, आनंदने, घरातला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडून दिला होता. त्यात जुन्या मराठी टाइपरायटरसारखीच अक्षरं असलेला एक प्रोग्रॅम होता. आई त्यावर बोलत. बोलत म्हणजे कचेरीतल्या पत्रासारखं, पूर्णविराम देऊन.

"निरू. आज वरणात हिंग जास्त झाला आहे."

"निरू. गॅलरीतला दिवा दुपारपासून चालू आहे."

काही सांगायचं झालं की आधी चमच्याने पेला वाजवत. बसमधून उतरून चप्पल काढेपर्यंत तो पेला वाजे. मग खोलीत जायचं आणि वाचायचं.

एका आठवड्यात कॉम्प्युटरने आचके द्यायला सुरुवात केली. सुरू व्हायला इतका वेळ घेई की तोवर कणीक मळून होई. मग चालता चालता मधेच बंद पडू लागला. आणि एके दिवशी पंखा घरघरला, पण पडद्यावर काहीच आलं नाही.

निरुपमाने कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून सयाजीगंजमधल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकणही न उघडता मान हलवली. "बेन, आ तो बहु जूनुं छे. नवुं लई लो ने."

आनंदचंही तेच. तो वाघोडियाच्या कारखान्यात पाळीवर असे, घरी आला की पलंगावर आडवा. "घेऊ नवीन," डोळे मिटूनच तो म्हणाला. मग त्याने ऑफिसचा लॅपटॉप एका रविवारी आईंपुढे ठेवला. त्या सपाट कळांवर आईंची बोटं घसरत होती, दोन-दोन अक्षरं एकदम उमटत होती, आणि अक्षरांच्या जागाही वेगळ्या होत्या. आईंनी थोडा वेळ प्रयत्न केला, मग लॅपटॉप हळूच मिटून बाजूला सारला. त्यांचा जुना प्रोग्रॅमही नव्या मशीनवर बसेना. ज्याने तो घालून दिला होता तो माणूस केव्हाच बडोदं सोडून गेला होता.

"बघू," आनंद म्हणाला. घरात 'बघू' म्हटलं की ते काम कुणाच्या वाट्याला येतं, हे निरुपमाला ठाऊक होतं.

पण खरं सांगायचं तर तिने घाई केली नाही. पेला वाजला तरी आता वाचायला काही नव्हतं. आई हाताने खूण करत, ती पाणी देई, औषध देई आणि स्वयंपाकाला लागे. हिंग कमी की जास्त, कुणी सांगेना. घरात एक प्रकारची शांतता आली. बसमधून उतरताना तिचे खांदे आता आधीच ताठ होत नसत. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने तो विचार पुढे जाऊच दिला नाही. विचार करायलाही अंगात जोर लागतो.

त्या दिवसांत आई एकदा कानाकडे बोट दाखवत होत्या. तिने कानात कोमट तेल घातलं. मग त्यांनी जेवण कमी केलं. रुसल्या असतील, तिला वाटलं. पुन्हा बोट, पुन्हा तेल. शेजारच्या पद्माबेन दुपारी डोकावून जात, त्याच एका संध्याकाळी दारात थांबून म्हणाल्या, "निरुबेन, बांचं तोंड सुजलंय. जरा बघा ने."

दाढ होती. मुळाशी पू झाला होता. दातांचे डॉक्टर चिडलेच, "इतके दिवस बोलल्या कशा नाहीत?" आणि मग त्यांची नजर रुमालाकडे गेली नि त्यांनी हलकेच खुर्ची मागे झुकवली. आई खुर्चीत तोंड उघडून पडल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कण्हण्याचा आवाजसुद्धा नव्हता.

रिक्षातून परत येताना आईंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. निरुपमाला रडू आलं नाही. तिला फक्त आणखी थकल्यासारखं वाटलं, आणि त्या थकव्याच्या तळाशी एक गोष्ट पक्की झाली: तो डबा आता उघडायचा.

रविवारी जेवणं उरकल्यावर तिने तो गॅलरीत नेला, कारण आत धूळ उडाली तर आईंच्या श्वासात जाईल. मोबाइलवर एक माणूस असाच डबा उघडून दाखवत होता. बाजूचं झाकण सरकवलं तर आत धुळीचा करडा थर, जणू कुणी गोधडी अंथरलेली. रंगाच्या जुन्या ब्रशने तिने कोपरे झाडले. मधल्या चिपवरचा पंखा सोडवला. खालचा मलम वाळून चुन्यासारखा झाला होता. या मलमामुळे चिपची उष्णता बाहेर जाते, आणि तो वाळला की मशीन तापून बंद पडतं, असं मोबाइलमधला माणूस सांगत होता. तिने तो खरवडला, दुकानातून आणलेला नवा लावला, सगळं परत बसवलं, बटण दाबलं.

पडदा काळाच. वर पीं पीं असा आवाज.

तिने तिथेच जमिनीवर पाय पसरले. ओट्यावर खरकटी भांडी होती, दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. "द्या फेकून," ती स्वतःशीच म्हणाली. तो आठवडा तिने त्याला हातही लावला नाही.

स्टोअरमधल्या संगणकाचा माणूस एरवी कुणाशी बोलत नसे. तिने जाता जाता त्याला त्या आवाजाबद्दल विचारलं. "मेमरी असेल," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "काढून खोडरबरने घासा."

पुढच्या रविवारी तिने मेमरीची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि खाचेत खट्ट आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. पण डब्याच्या पोटातून आता टिक टिक ऐकू येत होतं. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. ती गेली म्हणजे आईंचा प्रोग्रॅम गेला.

मग ती पुन्हा सयाजीगंजला गेली. त्याच दुकानदाराकडून नव्या तऱ्हेची डिस्क घेतली, जिच्यात फिरणारं काही नसतं, आणि त्या जुन्या मशीनला चालेल अशी वापरलेली जास्तीची मेमरी. तो आता आश्चर्याने बघत होता. "तमे जाते करो छो?" स्वतःच करता का, असं त्याने विचारलं. तिने नुसती मान हलवली. सांगत बसायचं त्राण नव्हतं.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं होतं. निम्म्यावर काम अडलं. डिस्क हाताला चटका देत होती. तिने टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. आनंद उठून गॅलरीत आला. "अजून चालूच आहे? चहा ठेवू?" तो म्हणाला. तिने वर बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. "ठेवा," ती म्हणाली.

दिवेलागणीला कॉम्प्युटर आईंच्या टेबलावर परत गेला. बटण दाबल्यावर आईंनी सवयीने हात मांडीवर ठेवले, वाट बघायला. पण पडदा लगेच आला. त्या दचकल्या. मग मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली.

त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. सगळं साचलेलं बाहेर आलं: दाढ कोणत्या वारी दुखायला लागली, पद्माबेनच्या नातीचं नाव काय ठेवलं, नळाचा वॉशर गेला आहे, भात रोज फडफडीत होतो. निरुपमा दाराशी उभी राहून वाचत होती. गुडघे दुखत होते. आभाराचा शब्द कुठे नव्हता, आणि तिने त्याची वाटही बघितली नव्हती.

शेवटी लिहिलं होतं: "निरू. यात तू काय केलेस?"

तिने सांगितलं. धूळ, मलम, खोडरबर, टिक टिक. आई मान वळवून ऐकत होत्या. मग कळा पुन्हा वाजल्या.

"मला बोलवायचे होतेस. कचेरीतले यंत्र मीच उघडून तेल घालीत असे. साहेबांना ते आवडत नसे."

"धूळ होती, आई. तुम्हाला त्रास झाला असता."

"रुमाल ओला करून बसले असते."

आई या घरात फक्त सांगायला बसलेल्या आहेत असं निरुपमा इतके दिवस धरून चालली होती. त्यांनाही काही करावंसं वाटत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"तू झोप जरा. कुकर मी बंद करते. शिट्ट्या ऐकू येतात मला."

ती आईंच्याच पलंगावर कलंडली. पाच मिनिटं पडते, असं म्हणणार होती, पण तेवढंही बोलणं झालं नाही.

यानंतर सगळं बदललं असं नाही. बस तीच, ओटा तोच, हिंगाची तक्रार तर आणखी झपाट्याने येऊ लागली. पण दिवाळीच्या आधी पंख्याचा आवाज वाढला, तेव्हा निरुपमाने डबा गॅलरीत नेला आणि आईंची खुर्चीही, धूळ अंगावर येणार नाही अशा बाजूला, मांडली. मानेवर ओला रुमाल, हातात बॅटरी. उजेड थरथरत होता. आईंनी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, तसा तो स्थिर झाला, आणि नेमक्या त्या बारीक स्क्रूवर पडला.

"थोडा डावीकडे, आई," निरुपमा म्हणाली.

आईंनी उजेड डावीकडे नेला.