पासपोर्टावरचं कुंकू

माझी शाळा आठवीत सुटली. लग्न झालं आणि माहेरापासून लई लांब, इथं संभाजीनगरला आले. लेकीला परदेशी विद्यापीठात जायला इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड, म्हणजे नऊपैकी सात गुण, हवे होते. परीक्षेच्या सकाळी मी तिचा पासपोर्ट देव्हाऱ्यात उघडून ठेवला आणि फोटोतल्या तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

परीक्षा केंद्राच्या दारात लेक ओरडली, "आई, काय केलंस! आता आत नाय घेणार."

मी पुढं झाले. ओळखीसाठी पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"मीच, मॅडम. चुकलं."

त्यांनी रुमालानं फोटो हलकेच पुसला. "माझ्या आईनं हॉलतिकीट पुजलं होतं. जा गं आत."

त्यांचे उपकार विसरले नाही. तरी लेक बाहेर येईपर्यंत मी लाल बोट पदराला पुसतच राहिले.