दसऱ्याचं ॲप पाडव्याला

मंडळी, आज गुढीपाडव्याला आमचं ॲप एकदाचं सुरू झालं. कुठल्या गावात ऊसतोडीची टोळी मोकळी आहे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर दिसावं, एवढंच त्याचं काम.

खरं तर ते दसऱ्यालाच तयार होतं. माझा भागीदार तौफिक म्हणत होता, "चालू कर, चुका लोकच सांगतील." मीच अडून बसलो. नकाशा मनासारखा दिसत नव्हता. दसरा गेला, दिवाळी गेली, मग म्हणलं आता पाडव्याचाच मुहूर्त धरू. तौफिक वैतागून पुण्याला नोकरीला गेला.

आज सकाळी ढोकी गावात चहाच्या टपरीवर एका काकांना ॲप दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं.

"लई भारी केलंस, लेकरा. पण तोडणीचा हंगाम सरला, टोळ्या कवाच गावाकडं गेल्या की. माझा ऊस टोळीची वाट बघून वाळला, तवा कुठं व्हतास?"

तौफिकला फोन लावायचं धाडस होत नाही. अशी वेळ तुमच्यापैकी कुणी हुकवली आहे का?

नकाशा आता अगदी झकास दिसतो. त्यावर टोळी मात्र एकही नाही.