उणे बावन्नातला एक फोटो

हे लिहिणारच नव्हते, द्योगॉरमामा चिडेल म्हणून. पण आठवडा झाला, डोक्यातून जातच नाहीये.

मामा गावातली घरं गरम ठेवणाऱ्या बॉयलरवर कामाला आहे आणि फोटो काढतो. फक्त थंडीत! उन्हाळ्यात कॅमेऱ्याला हात लावत नाही. बॅटऱ्या काखेत ठेवतो, फोटो काढताना श्वास रोखतो, नाहीतर काचेवर लगेच बर्फ धरतो. कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बांधून मग घरात आणायचा आणि तासन्‌तास पिशवी उघडायची नाही, हा त्याचा नियम. गावात घरोघरी त्यानं काढलेले फोटो आहेत. नाही तो फक्त सख्ख्या थोरल्या भावाचा. बायबालमामा लांब कुरणावर घोडे राखतो. फोटोचं काढलं की म्हणायचा, "माझं तोंड घोडे बघतात, पुरे झालं."

यंदा त्याचे गुडघे गेले. घोडे दुसऱ्याकडे जाणार, तो लेकीकडे याकुत्स्क शहरात. हे कळल्यापासून मामाच्या नुसत्या येरझाऱ्या. घोड्यांसोबतचा एक तरी फोटो हवाच! शेवटी गाडी मिळाली, मीपण गेले.

पोचल्या पोचल्या मामा भावाला शोधायला कुरणावर पळाला. तेवढ्यात बायबालमामाच्या बायकोनं, मामीनं, पिशवी आत आणली, कॅमेरा काढला आणि थेट चुलीपाशी ठेवला!

"मामी, अगं काय केलंस!"

"काय केलं? या थंडीत वासरूसुद्धा आत घेतो आपण."

कॅमेरा पांढराफटक पडला, मग पाणी ओघळायला लागलं. आता बाहेर नेला तर ते पाणी आतल्या आत गोठणार. सुकायला उद्या उजाडणार.

मामा आला, बघितलं. "वहिनी!" एवढंच बोलला. मग कॅमेरा पुसतोय, ठेवतोय, दारापर्यंत जातोय, परत येतोय. बाहेर गाडीवाला हॉर्न मारतोय.

बायबालमामा आत आला, पापण्यांवर बर्फ. "काय रे, कोंबडीसारखा काय फिरतोस? बस की."

"उद्या ड्यूटी आहे, दादा."

"मग जा."

"नाही जात."

"मग बस ना!"

मामानं गाडीवाल्याला सांगितलं, "बॉयलरवरच्या केस्किलला म्हणावं, उद्या माझी पाळी तू सांभाळ." गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा चालला. बायबालमामा घोड्यांत उभा. उणे बावन्न!

"झालं का रे? नाक गळून पडेल माझं."

"हलू नको, दादा!"

"मी कुठं हलतोय? तूच हलतोयस."

खरंच, मामाच हलत होता. एक फोटो निघाला आणि बटण अडकलं ते अडकलंच. येताना दुसऱ्या गाडीत स्वतः न बघता मलाच सारखा विचारत होता, "हललाय का गं?" मी नाही म्हटलं. हललाय. घोडे म्हणजे वाफेचे ढग, आणि मध्ये बायबालमामा तोंड उघडून शिव्या घालतोय. अगदी तोच.

काल बायबालमामा शहरात आला. बाजारामागची पिवळी इमारत, तिसरा मजला. खिडकीतून फक्त गाड्या दिसतात, सारखा उठतो-बसतो. तुम्ही याकुत्स्कमध्ये असाल तर जा ना त्याच्याकडे. लवकर जा. घोड्यांचं विचारा, तो बोलेल.