अलॉटमेंटमधलं हाड

साउथहॅम्प्टनमध्ये बरीच वाट पाहिल्यावर कौन्सिलनं आम्हाला अलॉटमेंट दिली, म्हणजे भाजी लावायला भाड्यानं जमिनीचा एक तुकडा. एका शनिवारी मेथीसाठी वाफा खणताना माझं फावडं अडकलं. हातानं माती बाजूला केली, तर एक लांब, तपकिरी हाड.

नवरा शेजारी कांदे लावत होता. तो हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे.

"माणसाचं आहे का रे?"

त्यानं वाकून हाड नीट पाहिलं. "खात्रीनं नाही सांगू शकत. पोलिसांना फोन कर."

पोलीस आले, टेप लावून गेले. आमच्या आधी हा तुकडा एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होता. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी तो सोडला, जाताना मला टोमॅटोची रोपंही दिली होती. त्यांची बायको फार पूर्वी घर सोडून गेली, असं सगळे म्हणायचे. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारभर मला घास गेला नाही.

सोमवारी हाडांच्या तज्ज्ञ बाई आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी हाड फिरवून पाहिलं आणि हसल्या.

"गाय आहे."

"म्हणजे खून वगैरे नाही?"

"गाईचा झालाय. पण फार जुना."

मी तिथेच मातीत फतकल मारली. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

हाडाखाली मधोमध झिजलेला दगड निघाला, थेट आपल्या पाट्यासारखा. त्यावर धान्य दळत, बाई म्हणाल्या. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी या देशात पहिल्यांदा शेती करणाऱ्या माणसांचा असावा. त्यांनी गहू, गुरं, मेंढ्या होड्यांतून समुद्रापलीकडून आणल्या. त्याआधी इथे शिकार आणि रानातली फळं-मुळं.

संध्याकाळी आम्ही त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो.

"पोलीस येऊन गेले," ते म्हणाले. "बायकोचा स्पेनचा नंबर दिला. त्यांनी फोन केला तर तिनं त्यांनाही झापलं!"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

आठवडाभर खोदकाम चाललं. शेवटच्या दिवशी बाईंनी जळून कोळसा झाल्यानं इतकी वर्षं टिकलेला गव्हाचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"धरा," त्या म्हणाल्या. "फक्त शिंकू नका."

मी श्वास रोखून धरला.