सात दिवसाचं तिले सांगतलंच नाई

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाई. तुमाले सांगतो.

आर्णीच्या रस्त्यावर माही काळीपिवळी जीप चालते. तिच्यात बसणाऱ्या सवाऱ्यायले माहं सारं ठाऊक हाय. पिऊन शेजाऱ्याच्या घरात घुसलो, त्याच्याच ताटात जेवलो, वरून भाजी खारट म्हणून त्याच्या बायकोवर बोंबललो — हेबी मीच सांगतो. लोक पोट धरून हासते. अंगठाछाप माणूस मी, हासवण्याबिगर दुसरं काय येते मले? पण हे नाई सांगतलं. ह्याच्यात हासासारखं काई नाई म्हणून? का दुसरंच काई?

सुमन. माही बायको. तिसरी पोरगी झाली तवाच डाक्टरीणबाई म्हणे, हिचं काळीज कमजोर हाय, अंगात रक्त टिकत नाई, चौथं लेकरू हिले झेपणार नाई. ऑपरेशनची भूलबी नको. दवाईवाली तांबी बसवू म्हणे. लोक तांबीच म्हणते, पण तिच्यात तांबं नसते, दवाई असते — तिनं पाळीतलं रक्तबी कमी जाते. पाळी आली की पयल्या सात दिवसात घेऊन या.

पाळी आली. मले उमरखेडच्या लग्नाचं भाडं होतं. म्हणलं, परवा जाऊ. परवाचं आखीन परवा झालं. नेलं तवा सात दिवस कधीचेच उलटून गेलते. डाक्टरीण चिडली. तपासलं, मंग म्हणे, आज बसवून देतो, पण उशिरा बसवली की दवाईले जोर धराले वेळ लागते. सात दिवस जवळ जायचं नाई, नाईतं निरोध वापरा.

सुमन आत पडून होती, तिले चक्कर येत होती. सिस्टर बाहीर आली अन् मलेच सारं पुन्हा समजावलं. घरी गेल्यावर तिले नीट सांगा, म्हणे. महिन्या-दीड महिन्यानं तपासाले आणा. थोडं थोडं रक्त दिसन, भेऊ नोका. पुढं पाळी बंदबी होऊ शकते. पण मळमळ, उलट्या झाल्या तं तसेच घेऊन या.

मी मान हालवली. जीपमंदी सुमननं पुसलं, "काय म्हणे सिस्टर?"

"म्हणे, झालं काम. आजपासून मोकळे आपण."

काहून म्हणलं असं? मेडिकलवाला माहा दोस्त. निरोध मांगतला असता तं साऱ्या स्टँडवर झालं असतं. रोज सोताची इज्जत विकून हासवणारा मी — अन् मले तिथं लाज आली! का लाज नोतीच ती? सात दिवस थांबाचं होतं, बस. मी थांबलो नाई. तिसऱ्याच दिवशी... ती म्हणे, अजून पोट दुखून राह्यलं माहं. मी काईतरी गंमत केली. ती हासली.

पुढं पाळी आलीच नाई. मी म्हणलं, पाय, दवाई काम करून राह्यली. तपासाले नेलं नाई. उलट्या झाल्या तं म्हणलं, पित्त हाय. पोट दिसाले लागलं तवा नेलं — तांबीबी आत, अन् लेकरूबी आत. आता पाडलं तरी धोका, ठेवलं तरी धोका. यवतमाळच्या दवाखान्यात सातव्या महिन्यात दोघंबी गेले.

ती सिस्टर घरी भेटाले आलती. गावातल्या बाया बसून होत्या. तिनं हळूच पुसलं, "भाऊ, सात दिवसाचं वहिनीले सांगतलं होतं ना तुमी?"

"कायचे सात दिवस?" मी बोंबललो. "कोणी सांगतलं आमाले? तांबीच फेल होती तुमची!"

ती माह्याकडे पायतच राह्यली. उठून गेली. त्यानंतर आमच्या गावात तिले कोणी दारात उभं केलं नाई, अन् एकाही बाईनं ती तांबी बसवली नाई. मले कोणी पुसलंबी नाई. कायले पुसन? बायको गेलेल्या माणसाले कोण खोटं म्हणते?

मोठी पोरगी रंजना मारेगावले देली. तिचे दोन सिझर झाले. तिथली डाक्टरीण म्हणे, तिसऱ्याची जोखीम नको. तिचा फोन आला, "बा, मायले बसवलं होतं तेच बसव म्हणून राह्यली हे बाई. काय करू?"

एक वाक्य लागत होतं, बाप्पा. चूक तांबीची नोती, माही होती. तोंडात आलतं. अन् मी म्हणलं, "तुह्या मायचं फेल झालतं, तुहं पास होते का पाय!" तीबी हासली — मायसारखीच. बसवलं नाई तिनं.

आता ती माह्या घरी हाय, तिसऱ्या बाळंतपणाले. पाय सुजले. दोन पावलं चालली की दम लागते. डाक्टर तोंडावर काई सांगत नाई.

काल वसरीत बसली होती. मी तिचे पाय दाबून देत होतो. म्हणे, "बा, माय गेल्यावर तू दुसरी केली नाई. तुह्यावानी जीव लावणारा नवरा भेटाले नशीब लागते."

मी हव म्हणलं.