फ्यूजमधली जाड तार

आज सकाळी सोसायटीच्या पंपाच्या खोलीत मिलिंद फ्यूजमध्ये तार बसवत होता. तार कसली, तांब्याचे चार पदर पिळून केलेला दोरखंडच तो! मिलिंद आमचा सेक्रेटरी आणि शाळेतला माझा विद्यार्थी.

"सर, रोज उडायचा. आता जन्मात उडणार नाही," तो ऐटीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. त्या चिनी मातीच्या फ्यूजवर 'दहा अँपिअर' असं ठळक लिहिलंय. त्याहून बरीच जास्त वीज वाहू लागली की आतल्या बारीक तारेनं वितळून जायचं, एवढ्याचसाठी तिचा जन्म. पंपात काहीतरी बिघडलंय, हे बिचारी रोज जळून सांगत होती. आपल्याकडे मात्र पंप कुणी उघडून बघत नाही, सांगणाऱ्याचंच तोंड बंद करतात! पंपाच्या पत्र्यात करंट उतरला तर आता तो तोडणार कोण? रोज पंप चालू करायला शांताबाई येतात, ओल्या हातांनी, अनवाणी. साध्या दिव्यातून वाहते त्याहून कितीतरी कमी वीज माणसाचं हृदय थांबवायला पुरते.

"अरे, अँपिअर म्हणजे काय?" मी ओरडलो.

"विद्युतधारेचं एकक, सर!" तो वर्गातल्यासारखा ताठ उभा राहून म्हणाला, आणि हसला.

मी फ्यूज त्याच्या हातातून हिसकावून घेतला. याच उत्तराला मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते, आणि शेजारी लाल शाईनं 'शाबास' लिहिलं होतं.